मैदान कोणाच्या नावावर?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यानंतर या जिल्ह्यात सरकारी खर्चाने जे उभे राहिले, त्यात इमारतींचा वाटा मोठा आहे. इमारत उभी राहिली की विकास झाला असे मानणाऱ्यांची संख्या त्याहूनही मोठी आहे. या समजुतीचे सर्वांत झगमगीत रूप म्हणजे क्रीडासंकुल. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने तालुक्या-तालुक्यात संकुले उभारण्याचे ठरवले. २०२२ साली तालुका संकुलाची अनुदानमर्यादा ५ कोटी रुपयांवर आणि जिल्हा संकुलाची २५ कोटींवर नेण्यात आली. आकडे वाढले की भूमिपूजनाचे मांडवही वाढतात, हे ओघानेच आले.

जिल्ह्यात तालुके सहा आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १६,४८,२९५. म्हणजे प्रत्येक तालुक्यात एक याप्रमाणे सहाही संकुले पूर्ण झाली, सुसज्ज झाली आणि रोज उघडली असे गृहीत धरले, तरी एका संकुलामागे सरासरी पावणेतीन लाख माणसे पडतात. त्यांत सुमारे ६९ टक्के आदिवासी, आणि त्यांतले बहुसंख्य पाड्यांवर विखुरलेले. अक्राणी तालुक्यातल्या नर्मदाकाठच्या मुलाला धडगावला पोहोचायचे तरी अर्धा दिवस मोडतो, आणि जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर सातपुड्याचा घाट उतरावा लागतो. शाळा सुटल्यावर आणि दिवेलागण होण्यापूर्वी जो दीड-दोन तासांचा वेळ पोराच्या हाती असतो, तेवढ्यात जे गाठता येत नाही ते त्याच्यासाठी मैदान नव्हे. ते फक्त वर्तमानपत्रातले छायाचित्र आहे.

या साध्या गोष्टीकडे धोरणकर्त्यांचे लक्ष जात नाही, याला कारण आहे. संकुलाला ठेकेदार लागतो, मैदानाला लागत नाही. सपाट केलेली जमीन, एक रोलर, चुन्याची फक्की, दोन खांब, पाण्याची टाकी आणि संध्याकाळी येणारा एखादा जाणता माणूस, एवढ्यावर मैदान चालते. यात टक्केवारी कशाची काढणार? उद्‌घाटनाची फीत कोठे बांधणार? संकुलाच्या समितीवर आमदार, तहसीलदार, क्रीडा अधिकारी असतात. मैदानाच्या समितीवर पाड्यावरची पोरे बसली असती. सत्तेला हा फरक चांगला कळतो.

मैदान नाही म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर पहाटे साडेचार-पाचला शहादा किंवा तळोद्याच्या बाहेरच्या रस्त्यावर उभे राहावे. अंधारात पोरांच्या टोळ्या डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतील. उसाचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी त्यांच्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. ही पोरे हौस म्हणून धावत नाहीत. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो, आणि ५० गुण या मैदानावरच ठरतात. सैन्याची वाट २०२२ पासून अग्निपथ योजनेतून जाते, ती बहुतेकांना चार वर्षांनी पुन्हा घरी आणून सोडणारी आहे. तरीही १.६ किलोमीटर धावून घेतल्याशिवाय तीही मिळत नाही. शेतीत पोट भरत नाही, कारखाना नाही, म्हणून जिल्ह्यातल्या तरुणाने आपले पाय हेच भांडवल मानले. राज्यसंस्था त्याच्याकडून मोजलेल्या अंतराची धाव मागते, पण ती धाव काढण्यासाठी चारशे मीटरचा मातीचा गोल काही देत नाही. गोळाफेकीचा सराव ही पोरे खळ्यात करतात. हा विरोधाभास ज्यांना गमतीचा वाटतो, त्यांनी एकदा रस्त्यावरच्या त्या अंधारात मैलभर धावून पाहावे.

सर्वांत उघडा-नागडा पुरावा मात्र पुनर्वसन वसाहतींत आहे. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित केली. नर्मदा जलतंटा लवादाने १९७९ साली दिलेल्या अंतिम निवाड्यात विस्थापितांना काय मिळावे याची यादी आहे. घरासाठी ६० बाय ९० फुटांचा भूखंड. दर ५० कुटुंबांमागे एक विहीर आणि एक पार. दर १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा आणि एक प्रार्थनास्थळ. दर ५०० कुटुंबांमागे एक पंचायतघर, एक दवाखाना, एक बियाण्याचे कोठार, एक तळे आणि एक बालोद्यान. लवादाच्या हिशेबात देवाला शंभर कुटुंबे पुरतात, पोरांना पाचशे लागतात. हा निवाडा त्या काळाच्या मानाने उदार होता, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व त्याने मान्य केले आणि त्याच तत्त्वावर पुढची सगळी लढाई उभी राहिली. परंतु विस्थापितांचे मूल झोपाळ्यावर बसण्याच्या वयापलीकडे कधी वाढेल, आणि मग ते कोठे जाईल, याचा विचार त्यात कोठेही नाही. शिवाय पाचशे कुटुंबे भरत नाहीत अशा लहान वसाहतीला या मोजमापाने बालोद्यानही लागू होत नाही, असे म्हणायला कोणताही कारकून मोकळा.

मूळ गावांत वेगळे मैदान आखलेले नव्हते, कारण त्याची गरज नव्हती. नदीची वाळू होती, कापणी झालेले शेत होते, होळीचा माळ होता, जंगल होते. लवादाच्या यादीत या गोष्टींची किंमत धरली गेली नाही, कारण त्यांचा सातबारा कोणाच्या नावावर नव्हता. डोंगरातून तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर उतरवलेल्या माणसांना आखीव प्लॉट मिळाले, सरळ रेषेत रस्ते मिळाले. दिसायला या वसाहती एखाद्या शहराच्या उपनगरासारख्या दिसतात, आणि उपनगराचे सगळे दुखणेही त्यांना जडले आहे. घराला लागून घर आहे, पण एकत्र जमण्याची जागा नाही. १९९० च्या दशकात येथे जन्मलेली पिढी आज तिशीत आहे. बापाच्या नावावर दोन हेक्टर, त्यात तीन-चार भाऊ. उरलेला दिवस पुलाच्या कठड्यावर, पानटपरीवर, मोबाइलमध्ये. हातभट्टीचा आणि पत्त्यांचा अड्डा अशा जागी आपोआप उभा राहतो, त्याला कोणी अनुदान द्यावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. पुनर्वसनासाठी १९९० साली तळोद्याचे २७०० हेक्टर जंगल मोकळे करण्यात आले, तेव्हा त्यातली जमीन आधीपासून कसणाऱ्या स्थानिक आदिवासींना बाजूला सारून विस्थापितांना जागा दिली गेली. गरिबाची जमीन काढून दुसऱ्या गरिबाला द्यायची, आणि मग दोघांचे भांडण लागले की कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पोलीस पाठवायचे, ही जुनी पद्धत. या दोन समाजांची पोरे एकाच रानात गुरे चारतात, एकाच बाजाराला जातात. त्यांनी एका संघातून कबड्डी खेळावी असे ठिकाण मात्र राज्याने त्यांना दिले नाही. ज्याला पुनर्वसन म्हणतात त्याचा अर्थ छप्पर आणि नळकोंडाळे एवढाच असेल, तर तो शब्द चुकीचा वापरला जात आहे. वस्ती वसते ती माणसे एकमेकांना ओळखू लागतात तेव्हा.

तुलनेसाठी जीवनशाळांकडे पाहावे. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या आरंभी बुडिताच्या गावांत आपल्या बळावर शाळा काढल्या. सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी तालुक्याला होते. लढाई-पढाई बरोबर चालवणाऱ्या या शाळांचे बालमेळावे भरू लागले आणि त्यांत धावणे, कबड्डी, खो-खो, तिरंदाजी यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. गावोगावची पोरे, त्यांचे आईबाप, भाकऱ्या बांधून येणारे म्हातारे असा तो मेळ. कोट्यवधींचे अनुदान नव्हते, प्रेक्षागृह नव्हते. बुडणाऱ्या गावांनी आपल्या मुलांसाठी जे केले ते बुडवणाऱ्या राज्याला सपाट जमिनीवर करता येत नाही, याला निधीची टंचाई हे उत्तर होऊ शकत नाही.

शहरांची गोष्ट निराळी नाही. नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा या गावांच्या कडेने बिनशेती प्लॉट पडत गेले. मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी असा नियम आहे आणि नकाशावर ती हिरव्या रंगाने दाखवलेलीही असते. प्लॉट विकताना ग्राहकाला तीच जागा बाग म्हणून दाखवतात. पुढे त्या हिरव्या तुकड्याचे काय होते, हे नगरपालिकेत चार वर्षे हेलपाटे घातलेल्या कोणाही कार्यकर्त्याला ठाऊक असते. प्रथम तेथे बांधकामाची वाळू पडते, मग एखादे छोटे देऊळ येते, मग त्याला कंपाउंड येते, मग सभागृह, आणि सभागृहाला गाळे. देवळावर हात टाकण्याची कोणाची छाती नसते, हे पहिली वीट ठेवणाऱ्याला पक्के माहीत असते. श्रद्धा लोकांची, गाळ्यांचे भाडे ट्रस्टचे.

विकास योजनेत क्रीडांगण म्हणून आरक्षित केलेल्या जमिनींना दुसरी वाट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ मधल्या कलम १२७ प्रमाणे अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीत (२०१५ पासून ती २४ महिन्यांची आहे) संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवू नये या न्याय्य हेतूने हे कलम आले. व्यवहारात ते काय झाले? पालिकेने दहा वर्षे झोपावे, नोटीस आली की निधी नाही म्हणावे, आणि चोवीस महिने मोजत बसावे. क्रीडांगण मेले याची बातमी कोणी छापत नाही, कारण ते कधी जन्मलेच नव्हते. बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय बेकायदा ठरवला, आणि तो खटला नेला होता त्या भागातल्या साध्या रहिवाशांनी. तेव्हा कायदा आंधळा आहे असे म्हणून हात झटकता येत नाहीत. त्याच्यापुढे कागद घेऊन कोणी उभे राहावे लागते.

शाळेचे मैदान तरी हक्काचे आहे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीच्या शाळेत १०० पेक्षा अधिक मुले असतील तरच. आता सातपुड्यातल्या पाड्यावरच्या शाळेत शंभर मुले आणायची कोठून? म्हणजे दाट वस्तीच्या, रस्त्यावरच्या, तुलनेने सुखी गावाला निदेशक, आणि ज्यांच्याजवळ दुसरे काहीच नाही त्यांना पटसंख्येचे कारण. समग्र शिक्षा योजनेतून क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये आणि उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपये मिळतात. एवढ्यात दोन-चार चेंडू, दोऱ्या आणि एक जाळे येते. २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची मुभा देते. त्या तेरा सोयींच्या यादीत शाळा आहे, दवाखाना आहे, रेशन दुकान आहे, रस्ता आहे, समाजकेंद्र आहे. क्रीडांगण नाही. २०१८ साली नंदुरबार ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून निवडला गेला. प्रगती मोजायला ४९ निर्देशक ठरले, त्यांतही क्रीडांगण नाही. लवादापासून निती आयोगापर्यंत सगळ्यांच्या याद्या तपासल्या तर एकच गोष्ट दिसते: गरिबाच्या मुलाने जगावे, शिकावे, लस टोचून घ्यावी, इथपर्यंत राज्यसंस्था कबूल होते. त्याने खेळावे असे तिला वाटत नाही.

आणि तरीही पदके मात्र त्याच्याकडूनच हवी असतात! ‘आदिवासी मुले निसर्गतःच काटक असतात’ हे वाक्य प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या भाषणात असते. ते कौतुक वाटते, पण आहे कामचुकारपणा. काटकपणा निसर्गाने दिला असेल तर राज्याने दूध-अंडी देण्याची गरज उरत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच जिल्ह्यातली पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. त्यांच्या काटकपणावर भाषण करणाऱ्याने आधी त्यांचे वजन करावे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिच्यामागे एका प्रशिक्षकाची वर्षानुवर्षांची मेहनत होती, सातपुडा-सह्याद्रीच्या हवेतली जादू नव्हे. एका कविता राऊतच्या छायाचित्राआड शंभर पाड्यांची मैदाने लपवता येतात, म्हणून ते छायाचित्र इतके आवडीने लावले जाते.

झारखंडकडे पाहिले तर क्रम उलटा दिसतो. सिमडेगा आणि खुंटी भागात गावोगाव हॉकी खेळली जाते, बांबूच्या काठ्यांनी खेळली जाते, आणि जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो. त्याची मेजवानी सगळे गाव खाते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधारपद ज्यांच्याकडे होते ते जयपालसिंग मुंडा याच खुंटीकडचे. पुढे संविधानसभेत आदिवासींची बाजू मांडणारा आवाजही त्यांचाच. महिला संघाची कर्णधार झालेली सलीमा टेटे सिमडेग्याची. तेथे आधी गावाचे मैदान होते, मग खेळाडू आले. आपल्याकडे आधी संकुल येते, मग खेळाडूंची जाहिरात निघते.

पुढाऱ्यांच्या नावाने निघणाऱ्या चषकांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. निवडणुकीच्या आधीच्या हिवाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटला जो बहर येतो, तो फेब्रुवारी-मार्चात ओसरतो. कोणाच्या तरी शेतात खेळपट्टी आखली जाते, डीजे लागतो, पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल असते. पोरे चार दिवस खेळतात आणि वर्षभर त्या पुढाऱ्याच्या फलकावर राबतात. याच दिवसांत जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे गेलेली असतात. दिवाळीनंतर गेलेली ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी परततात, पोरेही त्यांच्याबरोबर. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक आखताना या स्थलांतराची नोंद कोणी घेत नाही. तालुका पातळीवर जिंकलेला संघ पुढच्या फेरीपर्यंत उसाच्या फडात पांगलेला असतो.

आता स्वकीयांबद्दल. परिवर्तनाच्या चळवळीतल्या अनेकांना हा विषय हलका वाटतो. रोजगार हमी, वनहक्काचे दावे, रेशन, कुपोषण एवढे प्रश्न पडले असताना खो-खोचे मैदान काय मागायचे, असा त्यांचा सूर असतो. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो इतिहास विसरून घेतलेला आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा एस. एम. जोशी दलप्रमुख होते, आणि संध्याकाळची शाखा सुरू व्हायची ती खेळांनी. साने गुरुजींचे खानदेश ही त्या दलाची भूमी. मुले-मुली एकत्र खेळत, जातीपातीची पोरे एकमेकांना धरून लंगडी घालत, आणि मग गाणी व चर्चा होत. बौद्धिक आधी आणि खेळ नंतर असा क्रम असता तर पहिल्या आठवड्यात मैदान रिकामे झाले असते. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर गोळ्या झेलणारा शिरीषकुमार आणि त्याचे सोबती शाळकरी वयाचे होते. त्या वयाच्या पोरांशी आज पक्षाचा संबंध कोठे येतो? मोर्च्यात तर ती येत नाहीत. संध्याकाळची मैदाने पुरोगाम्यांनी सोडली, ती रिकामी राहिली नाहीत. तेथे कोण आले, काठ्या कोणी वाटल्या आणि शेजारच्या मोहल्ल्याबद्दल काय शिकवले, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोकळी जागा हवी म्हणताच पालिकेचा बुलडोझर प्रथम झोपडीकडे वळतो. २०११ च्या जगपालसिंग खटल्याच्या निकालानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याची मोहीम राज्यभर निघाली आणि तिचा धाक भूमिहीनांच्या घरांनाच अधिक बसला. मैदानाची मागणी करणाऱ्याने म्हणून पहिल्याच निवेदनात लिहून द्यावे की राहत्या झोपडीचा एक वासाही हलता कामा नये. खुल्या जागेवरचे गाळे, मंगल कार्यालये, बळकावलेले भूखंड यांचा हिशेब आधी व्हावा. मैदान घेऊन घर घालवणारी मागणी समाजवादी कार्यकर्त्याची असू शकत नाही.

मुलींचा प्रश्न येथेच येतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. खो-खोला ना महागडे साहित्य लागते ना छप्पर. पण घरापासून दूरच्या संकुलात संध्याकाळी मुलीला कोण पाठवील? पाड्यातच, घरांच्या नजरेच्या टप्प्यात मैदान असेल तरच ती खेळेल, नाहीतर बारावीच्या आत तिचे लग्न ठरलेले असेल. बालविवाहाविरुद्ध भिंती रंगवण्यावर जो खर्च होतो, त्यातला काही भाग रोलरवर झाला तर बिघडत नाही.

जमिनीची वाट अगदीच बंद नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे, आणि अशी राखलेली जमीन त्याच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी घटक कार्यक्रमाच्या निधीपैकी ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चावा हे ग्रामसभा ठरवते. तो बहुधा पेव्हर ब्लॉक आणि कमानींवर जातो, कारण ग्रामसभेत बसणारे बसतात आणि लिहिणारा ग्रामसेवक असतो. पुनर्वसन वसाहतींसाठी लवादाच्या यादीतले बालोद्यान, पार आणि तळे प्रत्यक्षात कोठे आहेत, त्यांचा गट क्रमांक काय, क्षेत्र किती, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. नगरपालिकेकडे मंजूर रेखांकनांतल्या खुल्या जागांची यादी आणि कलम १२७ खाली आलेल्या नोटिशींची नोंदवही तशीच मागता येते. वर्षाच्या चार ठरलेल्या ग्रामसभांपैकी २ ऑक्टोबरची सभा ऊसतोडीची कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी येते. मैदानाचा ठराव त्या सभेत मांडला तर तो मांडायला आणि हात वर करायला पोरे गावात असतील. २६ जानेवारीची वाट पाहणाऱ्याला ठराव एकट्यानेच वाचावा लागेल.